हक्काची शिदोरी



माझ्या घरी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. तिच्यात माझ्या गुणपत्रिका आहेत, बी.एड.चे प्रमाणपत्र आहे आणि कॉलेजच्या फीची एक पावती आहे. पावतीवरची शाई आता फिकट झाली आहे. तरी मी ती जपून ठेवली आहे. पावतीवर नाव माझे आहे. पण ते पैसे माझे नव्हते आणि अब्बांचेही नव्हते. ते कोणाचे होते, ही गोष्ट आज मी तुम्हांला सांगणार आहे.

आमचे घर मालेगावचे. मोसम नदीच्या काठचे हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या गल्लीत दिवसरात्र मागांची खटखट चालू असे. शुक्रवारी माग बंद राहत, तेव्हा ती शांतता आम्हां मुलांना चमत्कारिक वाटे. अब्बा दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवत. पाळी बारा तासांची आणि मजुरी मीटरवर. जितके कापड विणाल तितके पैसे. वीज गेली की मजुरीही गेली.

घरात अम्मी आणि आपा कांड्या भरत. मागाच्या धोट्यात सुताची जी लहानशी नळी बसवतात, तिला कांडी म्हणतात. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हे काम चालत असेल, म्हणून अधिक सांगत नाही. आपा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. कांड्या भरता भरता ती माझा अभ्यास घेई. एका हाताने चरखा फिरवी आणि मला पाढे म्हणायला लावी. मी चुकलो की चरखा थांबे. चरखा थांबला की मला समजे, आता पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे.

आपाला शिक्षिका व्हायचे होते. २००४ साली ती बारावीची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली. त्या काळी बारावीनंतर डी.एड. केले की प्राथमिक शाळेत नोकरी मिळू शकत असे. आपाने अर्ज आणला. आमची मोमीन बिरादरी विणकरांची. महाराष्ट्रातील इतर मागासवर्गीयांच्या यादीत तिचा समावेश आहे. म्हणून अब्बा जातीचा दाखला काढायला कचेरीत गेले. मीही बरोबर होतो, कारण अब्बांना मराठी बोलता येई, पण वाचता येत नसे.

कारकुनाने कागद पाहिले आणि विचारले, "१३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा कुठे आहे? त्यावर जात लिहिलेली हवी."

अब्बांनी आजोबांच्या शाळेचा दाखला पुढे केला. आजोबा दुसरीपर्यंत शिकले होते. दाखल्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द होता, 'मुसलमान'.

"हा धर्म झाला," कारकून म्हणाला. "जात कुठे आहे?"

अब्बा म्हणाले, "साहेब, आम्ही पिढ्यानपिढ्या विणकर आहोत. अख्खी गल्ली सांगेल."

"गल्लीने सांगून चालत नाही, चाचा. कागदाने सांगावे लागते."

तो माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हांला बसायला सांगितले, पाणी दिले. पण त्याच्यासमोर नियम होता आणि आमच्याजवळ कागद नव्हता. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कोणा गुरुजींनी रजिस्टरात एक शब्द लिहिला, दुसरा लिहिला नाही. त्या एका शब्दाने आपाचा राखीव जागेचा रस्ता बंद झाला. खुल्या यादीत तिचे नाव थोडक्यात हुकले. विनाअनुदानित कॉलेजात जागा होती. पण तिथली फी म्हणजे अब्बांची कित्येक महिन्यांची मजुरी. शिवाय माझी शाळा होती. मी मुलगा होतो. घरात कोणी मोठ्याने बोलले नाही, पण निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आपा चरख्यासमोर बसली. मला पाढे म्हणायला सांगितले नाही. ती नुसताच चरखा फिरवत राहिली.

'अनुदानित' आणि 'विनाअनुदानित' हे दोन शब्द तुम्हांला पुढे अनेकदा भेटतील. म्हणून इथेच समजून घ्या. कॉलेज चालवायला खर्च येतो. शिक्षकांचे पगार, इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा. अनुदानित कॉलेजात पगाराचा मोठा भार सरकार उचलते, म्हणून विद्यार्थ्याला फी कमी पडते. विनाअनुदानित कॉलेजात हा सारा खर्च विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यामुळे जागा वाढल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण त्या जागांसमोर पैशाची भिंतही उभी राहिली. सरकारचा पैसा जिथे पोहोचतो, तिथे ही भिंत ठेंगणी होते. जिथे पोहोचत नाही, तिथे हुशार मुलगीही भिंतीच्या अलीकडेच राहते.

आमच्यासारखी घरे किती होती, हे पुढे देशाला समजले. मुसलमानांची सामाजिक, आर्थिक आणि शैक्षणिक स्थिती पाहण्यासाठी केंद्र सरकारने २००५ साली न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. २००६ साली तिचा अहवाल आला. वीस वर्षे आणि त्यावरील वयाच्या लोकांत, देशात दर शंभरांत सुमारे सात जण पदवीधर किंवा तांत्रिक पदविकाधारक होते. मुसलमानांत हे प्रमाण शंभरांत चारांपेक्षाही कमी होते. हे आकडे मी प्रथम वाचले तेव्हा मला आपाचा चरखा आठवला. आकडे कागदावर असतात, पण त्यांच्यामागे माणसे असतात.

मित्रांनो, याचा अर्थ आपली मुले बुद्धीने कमी आहेत असा होतो का? मुळीच नाही. मुलगा कॉलेजला गेला की गरीब घराला दोन ठिकाणी फटका बसतो. फी भरावी लागते आणि त्या मुलाची मजुरीही बुडते. कॉलेज दूर असेल तर बसचे भाडे, शहरात असेल तर राहण्याची सोय हवी. श्रीमंत घरातल्या मुलाला यांतले काहीच आड येत नाही. दोघांना एकाच रेषेवर उभे करून "पळा" म्हणणे सोपे आहे. पण एकाच्या पाठीवर गोणी असेल, तर ती शर्यत बरोबरीची म्हणता येईल का?

२००७ साली केंद्र सरकारने अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. अटी अशा होत्या: मागील परीक्षेत किमान पन्नास टक्के गुण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत. तीस टक्के शिष्यवृत्त्या मुलींसाठी ठेवल्या होत्या. २००८ साली मी बारावी झालो आणि गावातल्या अनुदानित कॉलेजात बी.ए.ला नाव घालायचे ठरवले. शिष्यवृत्तीचा अर्ज मी घरी आणला. तो मराठीत होता. मी घाबरलो. तुमच्यासारखाच मीही उर्दू माध्यमात शिकलेला.

आपाने अर्ज हातात घेतला आणि म्हणाली, "घाबरतोस कशाला? नीट वाच. यातले अर्धे शब्द तर आपलेच आहेत."

खरेच होते ते. अर्ज, दाखला, तारीख, मुदत, रक्कम, नक्कल, जिल्हा, मंजूर, हक्क. हे सारे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. उरलेले शब्द आम्ही मराठीच्या पुस्तकात शोधले. 'उत्पन्न' म्हणजे आमदनी. 'प्रमाणित प्रत' म्हणजे तस्दीक केलेली नक्कल. 'पालक' म्हणजे सरपरस्त. दोन संध्याकाळी बसून आम्ही तो अर्ज भरला. मग शेजारच्या तीन मुलांचेही अर्ज भरून दिले. मराठीचा तास कंटाळवाणा वाटला, तर ही गोष्ट आठवा. त्या तासाला शिकलेले शब्द मला कॉलेजच्या दारापर्यंत घेऊन गेले.

पण दार उघडायला अजून अवकाश होता. फी जुलैत भरायची होती आणि शिष्यवृत्ती कधी येईल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. "फी भरा, नाहीतर नाव कमी होईल," अशी सूचना फलकावर लागली. अब्बांनी उसने मागून पाहिले. कारखान्यात मंदी होती, कोणी दिले नाहीत. तेव्हा आपाने फडताळातून चहाचा एक रिकामा डबा काढला. त्यात कांड्यांच्या मजुरीतून साठवलेले पैसे होते. दहाच्या नोटा, पाचची नाणी. तिने ते माझ्यासमोर मोजले. एक हजार सातशे रुपये. माझ्या पेटीत आहे ती पावती याच पैशांची.

शिष्यवृत्ती मंजूर झाली. पण पैसे हातात आले मार्चमध्ये, वर्ष संपता संपता. ज्या मुलाच्या बहिणीकडे असा डबा नसेल, त्याने जुलै ते मार्च काय करावे? आमच्या वर्गातली दोन मुले दिवाळीपर्यंत कॉलेज सोडून मागावर गेली. त्यांचेही अर्ज मंजूर झाले होते. मदत मंजूर होणे आणि मदत वेळेवर पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या वर्षी शिकलो. पाऊस पेरणीला हवा असतो. कापणीला आलेला पाऊस काय कामाचा?

पैसे आले त्या दिवशी मी आपाचे सतराशे रुपये तिच्या हातात ठेवले. मला वाटले, ती ते पुन्हा डब्यात ठेवील. पण ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चल. मलाही एक अर्ज आणायचा आहे."

तो अर्ज यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा होता. हे विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले. जे रोज कॉलेजात जाऊ शकत नाहीत, त्यांना घरी राहून, काम सांभाळून पदवी घेता यावी हा त्याचा हेतू. आपाने बी.ए.ला नाव नोंदवले. चरखा फिरत राही आणि तिच्या मांडीवर पुस्तक उघडे असे. आता चूक झाली की चरखा मी थांबवत असे. मधल्या काळात तिचे लग्न झाले, पण अभ्यास तिने सोडला नाही. २०१२ साली मी बी.एड. झालो आणि त्याच वर्षी आपा पदवीधर झाली. उशिरा झाली, पण झाली.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. शिष्यवृत्तीचे पैसे कोणाचे असतात? माझे काही विद्यार्थी अर्ज भरायला लाजतात. "सर, लोक म्हणतील खैरात घेतो," असे सांगतात. त्यांना मी विचारतो, "काल दुकानातून साबण आणलास ना? त्याच्या किमतीत कर होता. तो कोणी भरला?" करोडपती जो साबण घेतो, त्यावर कर आहे आणि माग चालवणारा मजूर जो साबण घेतो, त्यावरही कर आहे. सरकारच्या तिजोरीत अब्बांचाही पैसा होता, अम्मीचाही होता. त्यातून कॉलेज चालते, त्यातूनच शिष्यवृत्ती मिळते. मग ती खैरात कशी? प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर घरचे लोक जेवण बांधून देतात. मराठीत तिला शिदोरी म्हणतात, उर्दूत तोशा. घरची शिदोरी घेताना कोणी लाजतो का?

ही शिदोरी बांधून देण्याची रीत आपल्या महाराष्ट्रात जुनी आहे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी ओळखले होते की खेड्यातल्या मुलाला नुसती शाळा देऊन भागत नाही, त्याला शहरात राहायला जागा हवी. म्हणून १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढण्यास मदत केली. १९०६ साली कोल्हापुरात मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतः स्वीकारले. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि काम करून शिकत.

आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर? १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. त्या बळावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे बाबासाहेबांनी काय केले, ते पाहा. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, त्याच काळात, १९४४ साली, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आणखी एक कॉलेज काढले. त्यांना मिळालेली शिदोरी त्यांनी अशी हजारोंना वाटली.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. सरकारी योजना डोंगरासारख्या अचल नसतात. त्या सुरू होतात, बदलतात, बंदही होतात. अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. त्याच वर्षापासून पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्तीही थांबली. दुसरीकडे, महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. अट कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची, आठ लाख रुपयांपर्यंत. ही बातमी मी आपाला वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वीस वर्षे आधी यायला हवी होती." आणि लगेच म्हणाली, "असो. आता ज्या मुली आहेत, त्यांना आजच सांग."

आपा असे का म्हणाली, त्याला कारण आहे. २०१४ साली एका नातेवाइकाच्या घरी जुने कागद चाळताना मला आजोबांच्या सख्ख्या भावाच्या शाळेचा दाखला सापडला. तो १९६७ च्या कितीतरी आधीचा होता. त्यावर स्वच्छ अक्षरांत 'मोमीन' लिहिलेले होते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला असा जुना कागदही पुरावा म्हणून देता येतो. म्हणजे २००४ साली आपाला हवा होता तो कागद आमच्याच बिरादरीत, दोन गल्ल्या सोडून, एका पिशवीत पडून होता. तो शोधायचा असतो, हे आम्हांला सांगणारे कोणी नव्हते. सरकारने पैसा ठेवला आणि गरिबाला त्याची वाट दाखवली नाही, तर तो पैसा असूनही नसल्यासारखाच.

म्हणून मित्रांनो, हे पान मिटण्यापूर्वी तीन कामे मनाशी ठरवा. पहिले, आज घरी गेल्यावर आजोबांचे, वडिलांचे, काकांचे शाळेचे दाखले कुठे आहेत ते विचारा. दुसरे, आपल्या नावाचे स्पेलिंग शाळेच्या रजिस्टरात, आधार कार्डावर आणि बँकेच्या पुस्तकात एकच आहे का ते पाहा. एका अक्षराच्या फरकाने पैसे अडकून पडतात. तिसरे, आपल्याला जे समजले ते शेजारच्या मुलाला, विशेषतः मुलीला, सांगा. मदत उशिरा आली तर गुरुजनांना विचारा, लेखी अर्ज करा, पोच घ्या. आपल्या हक्काचे विचारणे म्हणजे भांडण नव्हे.

आपाची मुलगी आता आठवीत आहे. ती राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करते. सरकारी आणि अनुदानित शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुले ही परीक्षा देतात. ती उर्दूतूनही देता येते. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी बारा हजार रुपये मिळतात. परवा मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा भाची अर्ज भरत होती आणि आपा शेजारी बसली होती. घरात आता चरखा नाही.

"मामू, 'उत्पन्न' म्हणजे काय?" भाचीने मला विचारले.

मी काही बोलणार इतक्यात आपा म्हणाली, "पुस्तकात शोध. तुझ्या मामूने आणि मी असेच शोधले होते."